उन्हाळ्यातलं रान: कुणाची सहल, कुणाची मजुरी

मे महिना लागला की आपल्या चंद्रपुरात दोन तऱ्हेची गर्दी दिसते. एक गर्दी बाहेर पडणारी. शाळा सुटल्या, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की ज्याला जमेल तो चिखलदऱ्याला जातो, पचमढीला जातो, खिशात बळ असलं तर थेट मनाली गाठतो. ते साहजिकच आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्याही आत. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, शेजारी औष्णिक वीज केंद्र आणि डोक्यावर विदर्भाचा सूर्य. पारा ४५ अंशांवर गेला तर आपल्याकडे कुणी दखलही घेत नाही. ४७-४८ झाला तरच पेपरात बातमी येते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत दुपारी गांधी चौकातसुद्धा संचारबंदी असल्यासारखं वाटतं.

दुसरी गर्दी उलट्या दिशेनं येते. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि थेट परदेशातूनही माणसं याच भट्टीत आपणहून येतात, महिनोन् महिने आधी आरक्षण करतात आणि पहाटे पाचला ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा किंवा नवेगावच्या फाटकावर रांगेत उभी राहतात. जगभर उन्हाळ्यातली मोकळ्यावरची मौज म्हणजे थंड डोंगर, हिरवी कुरणं, झुळझुळ ओढे. आपल्या जिल्ह्यात तीच मौज पानगळ झालेल्या, तापलेल्या, वणव्याच्या वासाच्या रानात चालते. हे कसं, आणि या मौजेच्या अवतीभवती याच रानात आणखी कोण कोण असतं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आधी कारण समजून घेऊ. पावसाळ्यानंतरचं रान म्हणजे हिरवी भिंत. दहा पावलांवर वाघ बसला असला तरी दिसत नाही. मार्चपासून पानगळ होते, गवत वाळतं, नजर लांबवर जाते. दुसरं कारण पाण्याचं. नाले आटतात, झरे आटतात, आणि अख्ख्या रानाचं पाणी मोजक्या ठिकाणी गोळा होतं: ताडोबाचा तलाव, तेलियाचा तलाव, काही डोह आणि वनविभागानं सौरपंप बसवून भरते ठेवलेले पाणवठे. हरीण, सांबर, गवा, अस्वल, रानडुक्कर सगळ्यांना तिथंच यावं लागतं. वाघाला तर पाणी नुसतं पिण्यापुरतं पुरत नाही. मांजराच्या कुळात जन्मूनही तो पाण्यात बसणारा प्राणी आहे. पुष्कळदा तो पाण्याकडे पाठ करून, मागच्या पायांनी हळूहळू आत उतरतो आणि मानेपर्यंत डुंबत तासन् तास बसून राहतो. पाहुण्यांना त्याचं दर्शन होतं ते त्याच्या या आंघोळीच्या वेळी.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६ साली. दोन्ही मिळून गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. त्याच्या भोवती ११०० चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र २०१० साली जाहीर झालं. बफर म्हणजे जिथं रान आहे आणि गावंही आहेत. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०१८ मध्ये तो आकडा ३१२ होता. यातल्या वाघांचा मोठा वाटा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि यातले पुष्कळसे वाघ गाभ्याच्या बाहेर, गावांच्या शिवेला लागून राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिच्याकडे परत यायचं आहे.

जिप्सीतून फिरणं हा एक प्रकार. पहाटेची एक फेरी, दुपारनंतरची एक. मंगळवारी गाभ्याला सुटी. पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, गाभा बंद. गाडीतून खाली उतरायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. ही बंदी २०१८ च्या डिसेंबरपासून आहे आणि ती फार चांगली झाली. एका गाडीतून दुसऱ्या गाडीला फोन गेला की वीस गाड्या एका वाघिणीभोवती गोळा होत असत.

दुसरा प्रकार मला अधिक आवडतो, तो बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचा. वैशाखातली ही पौर्णिमा एप्रिल-मेमध्ये येते. पाणी सर्वात कमी आणि चांदणं सर्वात स्वच्छ, असा हा योग. पूर्वी या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद होत असे. आज त्या आकड्यांना शास्त्रीय किंमत फारशी नाही. एकच वाघ संध्याकाळी एका पाण्यावर आणि मध्यरात्री दुसऱ्यावर येऊ शकतो, म्हणजे एकाचे दोन होतात. जो त्या रात्री आलाच नाही तो यादीत नसतो. २००६ पासून देशभराच्या गणनेत आपोआप फोटो काढणारे कॅमेरे वापरतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे एक वाघ दोनदा मोजला जात नाही. तरी पौर्णिमेची ती रात्र वनविभागानं टिकवून ठेवली आहे. आता तिला निसर्गानुभव म्हणतात आणि बफर क्षेत्रातल्या मचाणांवर नागरिकांना बसता येतं.

हा खेळच आहे, पण धावण्याचा नाही, बसण्याचा. दुपारी मचाणावर चढायचं ते सकाळीच उतरायचं. मातकट कपडे, अत्तर नाही, विजेरी नाही, वासाचं खाणं नाही, बोलणं नाही. शहरातल्या माणसाला उन्हापेक्षा ही शांतता जड जाते. पहिले दोन तास मन खालीवर होतं. मग कान उघडतात. वानराचा खकारा, चितळाची शीळ, सांबराचा ढांक् असा आवाज, यांचे अर्थ लागू लागतात. कोण कुणाला सावध करतंय, ते कळतं. मी अशा रात्री काढल्या आहेत. कधी वाघ आला, कधी नुसती मुंगसं आणि साळिंदर येऊन गेलं. सकाळी उतरताना मन मात्र दोन्ही वेळा सारखंच हलकं झालेलं होतं.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, उन्हाळ्यातलं रान म्हणजे पाहुण्यांचं रान. पण पाहुण्यांची जिप्सी पहाटे साडेपाचला फाटकातून आत शिरते, तेव्हा बफरमधल्या गावांतली निम्मी माणसं कधीच रानात पोहोचलेली असतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह. मोहाचं फूल रात्री गळायला लागतं आणि पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. उशीर केला तर ढोरं, हरणं आणि अस्वलं ते खाऊन जातात, म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. प्रत्येक घराची झाडं वाटून घेतलेली असतात, आजीपासून नातीपर्यंत चालत आलेली. मग एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपत्त्याचा हंगाम. टेंभुर्णीची कोवळी, न फाटलेली पानं तोडायची, ओझं डोक्यावर घेऊन दहा-अकरापर्यंत घरी यायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक गोणी. दोन-तीन आठवड्यांचा हा हंगाम. पण आपल्या झाडीपट्टीत या दिवसांच्या पैशावर पावसाळ्याचं बी-बियाणं, मुलांच्या वह्या, लग्नाची उधारी, सगळं अवलंबून असतं. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, त्यानंतर ही वाट रुंद झाली.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. पाहुणा गाडीत उंचावर बसलेला असतो किंवा मचाणावर. त्याच्यासोबत चालक असतो, गाइड असतो. पान तोडणारी बाई जमिनीवर असते, वाकलेली असते, पुष्कळदा उकिडवी बसलेली असते. वाघ उभ्या माणसाला सहसा टाळतो. झुडपाआड खाली हलणारी आकृती त्याला माणसासारखी दिसतेच असं नाही. त्यात वेळ पहाटेची, म्हणजे वाघाच्या फिरण्याची. जागा तीच, कारण टेंभुर्णीचं झुडूप आणि वाघाचा आडोसा एकाच ठिकाणी असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी वाचली त्या दिवशीसुद्धा ताडोबाच्या फाटकांवर रांग होतीच, आणि त्या रांगेतल्या माणसांचा त्यात काही दोष नव्हता.

बफरमधल्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंना मी सहज विचारलं, "मावशी, एवढ्या दुरून लोक वाघ पाहायला येतात, तुम्ही कधी पाहिला का?" पुडा बांधता बांधता मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमी का वाघ पायाचा जी? वाघच आमाले पायते."

या एका वाक्यात सगळा विषय आला. जो आपल्या मर्जीनं रानात जातो त्याचा उन्हाळा खेळाचा. ज्याला जावंच लागतं त्याचा कामाचा. ताडोबा हे नावही अशाच एका पायी चालणाऱ्या माणसाचं आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी गोंड समाजात आख्यायिका आहे, आणि तलावाकाठी झाडाखाली त्याचं देवस्थान आहे. पाहुण्यांच्या गाड्या ज्या नावाच्या पाटीखालून जातात, ते वाघाला जमिनीवर सामोऱ्या गेलेल्या माणसाचं नाव आहे.

मग यावर उपाय काय? पर्यटन बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्यातून शेकडो घरं चालतात. आणि हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीत, फ्रान्समध्ये शामोनी नावाचं गाव आहे. आज उन्हाळ्यात तिथं गिर्यारोहक, सायकलवाले, नदीत होड्या घालणारे यांची रीघ लागते. २००३ पासून ऑगस्टअखेरीला माँ ब्लाँ पर्वताला प्रदक्षिणा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची पळण्याची शर्यत तिथून सुटते. पण अडीचशे वर्षांपूर्वी ते गुराखी आणि शेतकऱ्यांचं गरीब खेडं होतं. माँ ब्लाँच्या माथ्यावर पहिल्यांदा माणूस पोहोचला तो ८ ऑगस्ट १७८६ रोजी. दोघे होते: गावचे डॉक्टर मिशेल पाकार आणि त्यांच्यासोबत झाक बाल्मा. हा बाल्मा कोण? डोंगरातले स्फटिक शोधून विकणारा माणूस. म्हणजे आपल्याकडचा मोहफूल वेचणारा किंवा मध काढणाराच म्हणा. रान ज्याच्या पोटापाण्याचं, तोच रानाचा पहिला जाणकार. हे तिथंही खरं होतं.

पुढं शौकीन येऊ लागले आणि गावकरी त्यांचे वाटाडे झाले. १८२० साली एका रशियन सरकारी शास्त्रज्ञाच्या चढाईत हिमलोट कोसळून तीन वाटाडे मेले. पाहुणे वाचले. त्यानंतर १८२१ साली गावातल्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. तिचे दोन नियम मला फार महत्त्वाचे वाटतात. एक, काम पाळीनं; ज्याचा नंबर येईल तो जाईल, ओळखीपाळखी चालणार नाही. दोन, मदत निधी. डोंगरात जो जखमी होईल किंवा मरेल त्याच्या घराला या निधीतून आधार. ही संघटना आजही काम करते. शामोनीचं मोठेपण १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमुळे जगाला कळलं, पण त्याचा पाया शंभर वर्षं आधी त्या निधीत घातला गेला होता.

आपल्याकडे यातलं काहीच नाही, असं नाही. ताडोबाचे गाइड आसपासच्या गावांतलेच आहेत आणि त्यांत बायकाही आहेत. चूल सांभाळून खाकी कपडे चढवणारी, पाहुण्यांना पगमार्क समजावून सांगणारी गावची लेक पाहिली की बरं वाटतं. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या घरांना गॅस मिळाला, त्यानं सरपणासाठी रानात जाणं कमी झालं. गावागावांत प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २०२३ पासून सरकार २५ लाख रुपये देतं. पण हे पैसे माणूस गेल्यावरचे. तो जाऊ नये यासाठी हंगामाच्या दिवसांत काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

मला सुचतं ते साधं आहे. पहाटे कुठल्या पाण्यावर कुठली वाघीण पिलांसह बसली आहे, हे फाटकावर सगळ्यांना ठाऊक असतं. तीच खबर, पाहुण्यांसाठी जेवढ्या तत्परतेनं फिरते तेवढ्याच तत्परतेनं, रोज संध्याकाळी तेंदूच्या फळीवर सांगितली जावी: उद्या या नाल्याकडे जाऊ नका. उजाडल्याशिवाय पानं तोडायला जाणार नाही, पाच-सहाच्या खाली निघणार नाही, आणि पाचांतला एक नुसता उभा राहून राखण करील, असा नियम ग्रामसभेनं करावा. आणि त्या राखण करणाऱ्याची मजुरी पर्यटनाच्या उत्पन्नातून मिळावी. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी जाळी अंथरली तर अंधारात धावायची घाई राहत नाही आणि वणवाही टळतो. पाहुण्याच्या एका फेरीमागे थोडीशी रक्कम पायी जाणाऱ्यांच्या सुरक्षेला, हा हिशोब काही अवघड नाही.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. या रानातल्या पोरांनी फक्त दुसऱ्यांच्या खेळाचे सोबती का व्हावं? त्यांना स्वतःचे खेळ आहेत. धान निघालेल्या बांध्यांमध्ये उन्हं कलल्यावर क्रिकेट रंगतं. चिंचेच्या, वडाच्या झाडावर डाबडुबली चालते. पश्चिम महाराष्ट्रात जिला सूरपारंब्या म्हणतात तीच. टेंभरं आणि चारं खायला झाडावर चढणारं पोर जन्मतःच गिर्यारोहक असतं, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

एकदा कुणीतरी सांगितलं. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनानं 'मिशन शौर्य' हाती घेतलं. देवाडा, बोर्डा, जिवती इथल्या आश्रमशाळांतली मुलं निवडली. दार्जिलिंग, लडाख इथं त्यांचं प्रशिक्षण झालं. ज्यांनी बर्फ फक्त कुल्फीवाल्याच्या गाडीवर पाहिला होता, ती पोरं एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. एव्हरेस्ट चढायचा हंगामही मे महिन्याचाच, बरं का! उंचावरचे प्रचंड वारे मान्सूनच्या आधी थोडे उत्तरेकडे सरकतात आणि माथ्यावर मोजके दिवस शांतता मिळते. म्हणजे खाली आई तेंदूची पानं तोडते आहे, त्याच दिवसांत वर मुलगी दोरावर आहे. १६ आणि १७ मे २०१८ रोजी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण जगाच्या माथ्यावर पोहोचले. दोनशे मीटरवरची माणसं ८,८४८ मीटरवर! ही हुशारी अचानक उगवली नव्हती. ऊन, तहान, चढ आणि शांत राहणं यांचा सराव पिढ्यांचा होता. संधी तेवढी नवी होती.

तेव्हा मंडळी, उन्हाळ्यात आपल्या रानाकडे जरूर या. येणाऱ्यांना दोन-चार सूचना करतो. २०१९ चा रमजान जवळपास अख्ख्या मे महिन्यात आला होता, आणि त्या उन्हात रोजे धरलेला माणूस पाण्याविषयी बोलायला थोडा लायक होतो. पाणी तहान लागण्याआधी प्यायचं असतं. सोबत आंबील किंवा कैरीचं पन्हं ठेवा, डोक्याला आणि कानाला दुपट्टा बांधा, अकरा ते चार सावली सोडू नका. डोकं गरगरलं, घाम येणं थांबलं, बोलणं असंबद्ध झालं तर ते ऊन लागणं आहे. माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि लगेच दवाखाना गाठा. चालकाला वाघामागं पिटाळू नका. वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडू नका.

आणि परतीच्या वाटेवर त्या गाइडला एक प्रश्न विचारा: "भाऊ, तुमच्या घरचं कोण कोण सध्या तेंदूला जातं?" त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. पाणवठ्यावरच्या वाघाचा फोटो आपण घरी गेल्यावर सगळ्यांना दाखवतोच. त्या फोटोसोबत हे उत्तरही लोकांना सांगितलं, तर रानाची हकिगत पुरी होईल.